समासातली शंका

भिंगबाई रागीट आहे असं जे म्हणतात, त्यांनी तिला आधी पाहिलेलंच नाही. बावीस वर्षं ती एकाच खुर्चीत बसून मुकाट्यानं दुसऱ्यांच्या चुका काढत होती, आणि त्या बावीस वर्षांत तिचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. रागीट ती नंतर झाली. का झाली तेच सांगतो, आणि सांगताना माझाही आवाज चढला तर चढू दे.

ती एका छापखान्यात प्रूफरीडर होती. बारीक टिपा वाचायला टेबलावर एक गोल भिंग असायचं, म्हणून भिंगबाई. छापखाना म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे शाईचे डबे आले असतील तर ते आधी पुसून टाका. चकचकीत काचेची इमारत, दाराशी कार्ड दाखवल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही, आणि छापायचं काय, तर जगभरातून पैसा उचलणाऱ्या बड्या कंपन्यांची माहितीपत्रकं.

आता हे प्रकरण काय असतं ते जरा समजून घ्या, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. समजा, चौदा देशांत कारखाने असलेली एक कंपनी आहे. तिला पैसा हवाय, आणि तोही असा की एका देशातल्या बँकांना पेलायचा नाही. मग ती कुठल्याशा बेटावर एक उपकंपनी काढते. उपकंपनी म्हणजे काय, तर एका वकिलाच्या ऑफिसबाहेर पितळी पाटी आणि एक टपालपेटी. आत माणूस औषधालासुद्धा नाही. ती टपालपेटी डॉलरमध्ये कर्जरोखे काढते, हमी मूळ कंपनी देते, आणि नोंदणी होते तिसऱ्याच देशातल्या बाजारात. कर कुठे कमी, कायदा कुठे सैल, व्याज कुठे स्वस्त, हे सगळं बघून मांडलेला डाव असतो. रोखे खपवायला चार मोठ्या बँका मध्ये पडतात, शहरोशहरी फिरून पेन्शन फंडांच्या आणि विमा कंपन्यांच्या साहेबांपुढे गोडगोड बोलतात, आणि एका दुपारी, चहा गार व्हायच्या आत, पन्नास कोटी डॉलर गोळा होतात. तुम्ही आम्ही साधा घराचा पत्ता बदलायला गेलो तर चार दाखले मागतात.

पण ह्या खेळात एक नियम मात्र कडक आहे. पैसे देणाऱ्यापासून काही लपवायचं नाही. कंपनीत जे जे सडकं आहे ते माहितीपत्रकात छापावंच लागतं, कारण उद्या पैसे अडकले आणि आधी सांगितलं नव्हतं असं निघालं, तर कंपनीबरोबर बँकाही कोर्टात उभ्या राहतात. म्हणून चारशे पानांतली साठेक पानं नुसती जोखमींची असतात. चालू असलेले दावे, परवाने रद्द व्हायची भीती, जुनी यंत्रं, नाराज कामगार, सगळं खडा न् खडा. साहेब लोक घरी बायकोशी बोलत नसतील इतकं खरं त्या साठ पानांत बोलतात.

रोखे बाजारात येईपर्यंत हे सगळं गुप्त. कच्च्या प्रतीत कंपनीचं नावसुद्धा नसतं, त्या जागी टोपणनाव असतं. कारखान्यांना नुसते आकडे, नाव-गाव अगदी शेवटी घालतात. भिंगबाईनं नोकरीला लागतानाच सही करून दिली होती की आतला शब्द बाहेर गेला तर नोकरी जाईल आणि वर खटला होईल. तिनं ती सही दगडावरच्या रेघेसारखी पाळली. घरी आईनं विचारलं, आज काय केलंस, तर उत्तर ठरलेलं, स्वल्पविराम घातले.

आणि ते काही खोटं नव्हतं. कामाची रीतच तशी होती. मास्तर नावाचा एक निवृत्त शिक्षक समोर बसून मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, स्वल्पविराम आणि पूर्णविरामासकट, एकसुरी, आणि ती छापील पानावर भिंग सरकवत जायची. नव्या मुलींना ती पहिल्या दिवशी एकच धडा द्यायची, की अर्थाकडे बघायचं नाही. अर्थात शिरलात की अक्षर निसटतं. मजकूर काय म्हणतो ते वकिलांनी बघावं, आपण स्पेलिंग बघावं. ह्या एका गुणावर तिचं नाव झालं होतं. चार परदेशी बँका काम देताना तिलाच मागून घ्यायच्या.

त्या हंगामात राजहंस नावाचं काम आलं होतं. राजहंस म्हणजे अर्थातच टोपणनाव. पहिलं प्रूफ, दुसरं, तिसरं, चौथं, सगळी तिच्याच हातून गेली. एकशे चौदाव्या पानावर एक वाक्य होतं, त्यात दुसऱ्या प्रुफाला तिनं एक अर्धविराम सुधारला, तिसऱ्याला कारखान्याच्या क्रमांकातल्या '६'च्या जागी चुकून पडलेला '९' पकडला. चौथ्याला त्या पानावर बरोबरची खूण करून पुढे गेली.

पाचव्या प्रुफाच्या दिवशी, गुरुवारी, मास्तरचा घसा बसला. तो आलाच नाही. दुसरा वाचणारा मोकळा नव्हता, म्हणून भिंगबाईनं एकटीनंच वाचायला घेतलं, मनातल्या मनात. समोरून आवाज नाही, विराम नाहीत, तिची ती. आणि एकशे चौदाव्या पानावर बावीस वर्षांत पहिल्यांदा एका वाक्याचा अर्थ तिला कळला.

वाक्य असं होतं, की सहाव्या कारखान्यातला दुसरा बॉयलर कंपनीनं आपल्याच एका बंद पडलेल्या कारखान्यातून जहाजानं आणून बसवलेला आहे. त्याच्या वाफेच्या मुख्य नळीचं आयुष्य संपलेलं असून तिची भिंत झिजून धोक्याच्या मर्यादेखाली गेली आहे. नळी बदलण्याचं काम दोन वर्षांपासून पुढे ढकललेलं आहे. तिथे दुर्घटना झाल्यास उत्पादन थांबून रोख्यांवरचं व्याज वेळेवर देण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो. पुढे लगेच: आजवर अशी दुर्घटना झालेली नाही.

जहाजानं आणलेला बॉयलर. तिचा धाकटा भाऊ अकरा वर्षं त्याच बॉयलरवर होता. बॉयलर आला तेव्हा त्याच्यावर कुठल्याशा अगम्य लिपीतली पाटी होती, ती कुणाला वाचता येईना, हा किस्सा धाकट्यानं घरी शंभरदा रंगवून सांगितला होता. त्याच नळीबद्दल त्यानं पाळीच्या नोंदवहीत सात वेळा लिहून दिलं होतं की नळीला हादरे बसतात, सांध्यातून वाफ येते. सातही वेळा मॅनेजरनं हसण्यावारी नेलं. बॉयलर ठणठणीत आहे, तूच जरा जास्त घाबरट आहेस, घरी जाऊन आईच्या पदराआड बस, असं चारचौघांत म्हणाला होता. आणि इथे त्याच कंपनीनं गुळगुळीत कागदावर कबूल करून ठेवलं होतं की नळी मरायला टेकली आहे. कुणाला सांगितलं होतं? सात समुद्रापलीकडच्या पेन्शन फंडाला. कसली काळजी होती? व्याजाची. नळीखाली रोज आठ तास उभं राहणाऱ्या माणसाचा त्या वाक्यात पत्ता नव्हता. सत्तावीस पानं उलटून तिनं पैसा कशाकशाला वापरणार ती यादीही काढून बघितली. जुनं कर्ज फेडणं, आणखी एका देशातली एक कंपनी विकत घेणं, आणि इतर सर्वसाधारण कामं. नळीचं नाव नव्हतं. तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. तिनं भिंग उलटं ठेवलं.

तिला आणखी एका गोष्टीचा राग आला, तो स्वतःचाच. चार वेळा ते वाक्य तिच्या भिंगाखालून गेलं होतं. तिनं त्यातला अर्धविराम सुधारला होता.

मग तिनं काय केलं? इथे मला तिची बाजू घेता येत नाही, पण जे झालं ते सांगतो. सही आठवली, खटला आठवला, घरात तिचाच पगार मोठा हेही आठवलं. रोखे पुढच्या गुरुवारी विकायचे होते. विकले की माहितीपत्रक त्या परदेशी बाजाराच्या संकेतस्थळावर सगळ्यांना खुलं होतं, मग काही गुप्त उरत नाही. म्हणजे आठवडा काढायचा होता. आठवडाभर धाकटा त्या नळीखाली जायला नको, बस्स.

आईच्या मोतीबिंदूचं घोंगडं वर्षभर भिजत पडलं होतं. भिंगबाईनं त्याच संध्याकाळी डॉक्टरला गाठून शनिवारची वेळ मिळवली, आणि घरी येऊन धाकट्याला सांगितलं की मला सुट्टी मिळत नाही, तेव्हा शनिवारपासून आठ दिवस तूच आईजवळ थांब, डोळ्यांत थेंब घालायला माणूस हवं. शुक्रवारी त्याची साप्ताहिक सुट्टी होतीच. धाकट्यानं कुरकुर केली, वर्षभर वेळ नव्हता आणि आता एकदम कसली घाई म्हणाला, पण रजा टाकली. आईला काय सांगू किती बरं वाटलं. पोरांना एकदम माझी आठवण कशी झाली, असं ती शेजारणीला फोन करून कौतुकानं सांगत होती.

रजेवर गेलेल्याच्या जागी बदली माणूस उभा राहतो, हे काय भिंगबाईला माहीत नव्हतं? माहीत होतं. तिच्या मनात ते आलंही होतं, शुक्रवारी, कामावर जाताना. कोणीतरी जाईल, एवढंच ती स्वतःशी म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली. तो कोणीतरी कोण, हे तिनं मनाला विचारलं नाही.

तो होता पैलवान. अंगानं काडी, म्हणून पैलवान. रोजावरचा माणूस, कायम कुणी नाही, ज्याची रजा त्याच्या जागी हा. एकदा धाकट्याला कामावर ताप भरला तेव्हा ह्यानंच त्याला रिक्षात घालून घरी आणून सोडलं होतं, आणि भिंगबाईनं दिलेला चहा उभ्या उभ्या पिऊन, बायको वाट बघत असेल म्हणून पळाला होता.

मंगळवारी सकाळी सव्वानऊला नळी फुटली. पैलवान वाफेत सापडला. दोन्ही हात कोपरांपर्यंत भाजले, डाव्या बाजूनं मान आणि कान. डोळे वाचले, कारण त्यानं हात तोंडापुढे धरले. धाकट्याला अकरा वाजता फोन आला. त्यानं आईला शेजारणीवर सोपवलं आणि हॉस्पिटल गाठलं. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बुटांसकट स्वयंपाकघरात येऊन बसला. म्हणाला, "ताई, माझी जागा होती ती. माझं मरण त्यानं अंगावर घेतलं." भिंगबाईनं पाणी पुढे केलं. सांगायची वेळ ती होती. तिनं सांगितलं नाही.

बुधवारी सकाळी राजहंसचं शेवटचं प्रूफ टेबलावर आलं. मास्तरचा घसा बरा झाला होता. तो ठणठणीत आवाजात वाचत सुटला आणि एकशे चौदाव्या पानावर आला: आजवर अशी दुर्घटना झालेली नाही, पूर्णविराम.

भिंगबाई म्हणाली, थांबा.

आता त्या छापखान्यातली एक रीत सांगायला हवी. प्रूफरीडरला मजकुरातला एक शब्दही बदलायचा अधिकार नसतो, पण एखादी गोष्ट चुकीची वाटली तर समासात शंका लिहिता येते. ती शंका लाल क्रमांकानं नोंदली जाते आणि कंपनी, चार बँका, दोन्हीकडचे वकील, हिशेबतपासनीस अशा तेवीस जणांना एकाच वेळी जाते. कुणीतरी सही करून उत्तर दिल्याशिवाय ते पान छपाईला जात नाही. बावीस वर्षांत भिंगबाईनं शेकडो शंका लिहिल्या होत्या. ही तारीख रविवार आहे, हे चालेल का? इथे टन की किलो? सगळ्या अशाच, शेंगदाण्याएवढ्या.

त्या दिवशी तिनं लाल पेन घेऊन लिहिलं: काल सकाळी सव्वानऊला सहाव्या कारखान्यातल्या दुसऱ्या बॉयलरची मुख्य नळी फुटून एक कामगार गंभीर भाजला. 'आजवर दुर्घटना झालेली नाही' हे विधान बरोबर आहे का?

मास्तरनं वाचलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं विभागप्रमुखाला बोलावून आणलं. हा विभागप्रमुख एरवी भला माणूस, पण गिऱ्हाईक म्हटलं की पाठीचा कणा घरी ठेवून येणारा. त्यानं आधी समजावलं, मग विनवलं, मग शंका मागे घे म्हणून दरडावलं. हे आपलं काम नाही, उद्या रोखे विकायचेत, तुला कळतंय का काय करते आहेस? भिंगबाई म्हणाली की क्रमांक पडला आहे, आणि क्रमांक पडलेली शंका मागे घेता येत नाही हा नियम तुम्हीच केलाय. एवढं बोलताना तिचा आवाज असा चढला की पलीकडच्या खोलीतल्या मुली काचेला नाकं लावून बघायला लागल्या. विभागप्रमुखानं घाम पुसला आणि पान पाठवलं.

अर्ध्या तासात एकच धावपळ उडाली. कुठल्याशा देशात पहाट होती, तिथले वकील अंथरुणातून उठले. बँकांच्या वकीलबाईचा फोन थेट भिंगबाईच्या टेबलावर आला. हे तुम्हाला कुठून कळलं, असं तिनं विचारलं. भिंगबाईनं सरळ सांगितलं की माझा भाऊ त्या बॉयलरवर आहे, भाजलेला माणूस त्याच्या जागी उभा होता. वकीलबाई म्हणाली की आता हे आम्हाला माहीत झालं आहे, तेव्हा हे असं छापता येणार नाही. त्या बाईला पैलवानाची दया आली असेलही, मला ठाऊक नाही. पण ती घाबरली होती ती स्वतःच्या सहीपायी.

आणि ऐका. धाकट्याच्या सात नोंदी, कामगार संघटनेची दोन पत्रं, एका माणसाचे भाजलेले हात, ह्यांतल्या कशानंही जो बॉयलर थांबला नव्हता, नळीला पट्टी मारून बुधवारी सकाळच्या पाळीला जो पुन्हा पेटवला होता, होय, पेटवला होता, तो त्या दिवशी दुपारी तीनच्या आत बंद झाला. बँकांनी सांगितलं, बॉयलर चालू असेल तर आम्ही रोखे विकत नाही. चार तास लागले फक्त. धाकट्याला कारखान्यातून कुणीतरी कळवलं, त्याला वाटलं मॅनेजरला उपरती झाली. उपरती कसली डोंबलाची.

रोख्यांची विक्री आठ दिवस पुढे गेली. भिंगबाईला कुणी काढलं नाही. काढणार कसं? विभागप्रमुखानं तिची सही केलेली अट पुन्हा पुन्हा वाचली. त्यात आतलं बाहेर न्यायला बंदी होती. तिनं तर बाहेरचं आत आणलं होतं. नियमाच्या दृष्टीनं ती धुतल्या तांदळासारखी होती, आणि नेमकं हेच तिला आतून खात होतं. सगळे नियम पाळूनच तो माणूस भाजला होता.

नव्या प्रुफात ते वाक्य बदललं होतं. आता असं छापलं होतं, की अलीकडे सहाव्या कारखान्यात एक किरकोळ घटना घडली. तिचं कारण नळीची झीज हे असून ती झीज कंपनीला आधीपासून ज्ञात होती, कामगारांकडून हाताळणीत चूक झाल्याचं आढळलेलं नाही. बॉयलर बंद ठेवला आहे. व्याज देण्याच्या क्षमतेवर परिणाम अपेक्षित नाही. कारण लिहायला बँकांच्या वकिलांनी भाग पाडलं होतं, कंपनीनं आपण होऊन कुठलं लिहायला. भिंगबाई किरकोळ ह्या शब्दावर अडली. तिनं पैलवानाला हॉस्पिटलात पाहिलं होतं. त्याची बायको त्याला चमच्यानं भरवत होती. तिनं लाल पेन घेतलं आणि समासात लिहिलं: किरकोळ, कुणाच्या मते?

ह्या शंकेनं कुणाची झोपमोड झाली नाही. वीस मिनिटांत उत्तर आलं, आहे तसं ठेवावं. खाली दोन सह्या.

तिनं त्या पानावर आपली खूण करायला नकार दिला. विभागप्रमुख उभ्या उभ्या वाकला, तिच्याऐवजी खूण केली आणि पान घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी रोखे विकले गेले. मागणी पाचपट आली. सगळ्या गोंधळापायी कंपनीला व्याज किती वाढवून द्यावं लागलं, तर एका टक्क्याचा आठवा हिस्सा. बँकांनी छापखान्याला फुलांची टोपली पाठवली. भिंगबाईनं ती दरवाजाबाहेर नेऊन ठेवली.

माहितीपत्रक आता जगजाहीर झालं होतं. तिनं घरी बसून एकशे चौदावं पान छापून घेतलं, खाली आपल्या भाषेत सगळं उतरवून काढलं, आणि रविवारी धाकट्याला घेऊन पैलवानाच्या घरी गेली. का, तेही सांगतो. कंपनीनं त्याला पत्र पाठवलं होतं की त्यानं व्हॉल्व्ह घाईनं उघडला, अपघात त्याच्याच हलगर्जीपणानं झाला, सबब भरपाई मिळणार नाही. परदेशात एक बोलायचं, इथे बरोबर उलटं, आणि दोन्हीकडे सही त्याच साहेबाची. संघटनेच्या वकिलानं हात वर केले होते, म्हणाला, पुरावा नाही. आता पुरावा होता, खुद्द कंपनीनं छापलेला.

तिसऱ्या मजल्यावर दीड खोल्यांचं घर होतं. खिडकीशी शिवणयंत्र, त्यावर औषधांच्या बाटल्या. पैलवान पलंगावर उशांना टेकून बसला होता, दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत. भिंगबाईनं त्याला पान वाचून दाखवलं, अर्थासकट, सावकाश. मर्यादेखाली गेलेली भिंत, पुढे ढकललेलं काम, कंपनीला आधीपासून ज्ञात, कामगाराची चूक नाही. पैलवानानं शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग त्यानं मान वळवली, कारण त्याला डोळे पुसता येत नव्हते. बायकोनं पुसले. धाकटा म्हणाला की आता बघतो कशी भरपाई देत नाहीत ते, उद्याच वकिलाकडे जाऊ.

बायकोनं कागद हातात घेऊन वरखाली पाहिलं आणि विचारलं की हे कधी लिहिलेलं आहे. भिंगबाई म्हणाली, अपघाताचं नंतर घातलं. आणि नळी झिजल्याचं? ते आधीपासून होतं, ती म्हणाली. बायकोनं कागदावरची नजर काढली.

"तुम्ही कधी वाचलंत?"

खोटं बोलता आलं असतं. तिथे कुणालाच प्रुफांचं काही कळत नव्हतं.

"अपघाताच्या आधीच्या गुरुवारी," भिंगबाई म्हणाली.

"आणि तुमचा भाऊ शनिवारपासून रजेवर."

"मीच घ्यायला लावली. त्याला माहीत नव्हतं. आईचं ऑपरेशन मी त्यासाठीच काढलं."

पैलवान आपल्या पट्ट्यांकडे बघत होता. बायकोनं कागदाची नीट घडी केली, कपाट उघडून कपड्यांखाली ठेवली आणि कपाटाला किल्ली लावली. मग म्हणाली, "कागदाचे उपकार झाले. आता तुम्ही जा."

भिंगबाई उठली. दाराशी चपला घालून तिनं मागे पाहिलं. धाकटा पलंगाच्या कडेवर बसला होता, पैलवानाच्या पायांशी. तिनं त्याला हाक मारली. तो उठला नाही.